मागूनही वाघच दिसेल अशी कानटोपी

नागपुरात कानटोपीची ड्यूटी सकाळची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या घरात असतो, शाळेची व्हॅन धड उजाडायच्या आत गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न देते, आणि दुपारी पोट्टे परत येतात तेव्हा स्वेटर कमरेला बांधलेला असतो. 2018 च्या 29 डिसेंबरला इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तशी थंडी रोज नसते, पण पहाटेचा वारा उघड्या कानात शिरायला तेवढी लागतही नाही. तेव्हा इथली टोपी कशी हवी? कान पुरते झाकणारी, डोक्याला जड न होणारी, दुपारी दप्तरात कोंबली तरी आकार न सोडणारी. आणि लेकरानं आपणहून मागून घ्यावी अशी. या शेवटच्या गोष्टीसाठी टोपीचा वाघ करायचा.

इथल्या मुलांना वाघ फक्त पुस्तकातून माहीत असतो असं नाही. एकीकडे पेंच, दुसरीकडे उमरेड-कऱ्हांडला, खाली चंद्रपूरकडे ताडोबा. आणि तिकडे जाणं झालं नाही तरी गोरेवाड्याची सफारी गावालाच लागून आहे. त्यामुळे टोपीवरचा वाघ चुकला की ती बरोबर पकडतात. बाजारात तयार मिळणाऱ्या टोप्या पाहा: डोळे, नाक, मिशा सगळं समोर, आणि टोपी फिरवली की मागे काहीच नाही. जंगलात मात्र वाघ बहुतेकदा मागूनच दिसतो. जिप्सी थांबते, तो झुडपातून रस्त्यावर येतो, एकदा पाहतो न पाहतो आणि पाठ करून चालू लागतो. मग आपल्याला दिसत राहतात त्याचे खांदे, शेपटी आणि कानांमागचे दोन पांढरे ठिपके. वाघाचे कान मागच्या बाजूनं काळे असतात आणि त्या काळ्यात एक ठळक पांढरा ठिपका असतो. हा ठिपका टोपीवर आला पाहिजे. मिशी राहून गेली तरी चालेल, ठिपका राहून जाता कामा नये.

ही क्रोशाची टोपी पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मापानं सांगते. रोज संध्याकाळी तास-दीड तास बसलात तर आठवड्यात टोपी डोक्यावर येते.

लोकर आणि सुई

लोकर मी इतवारीच्या बाजारातून आणते. महाल आणि बर्डी या इथल्या भागांतही मिळते. साधी चार प्लायची ॲक्रिलिक घ्या, वर्धमान, ओसवाल, कुठलीही. मेंढीची लोकर जास्त उबदार असते यात वाद नाही, पण लहान मुलांच्या कपाळाला ती टोचते आणि मशीनमध्ये टाकली की आटते. आपल्या सकाळपुरत्या थंडीला ॲक्रिलिक पुरते. सुती दोरा मात्र या कामाला घेऊ नका. तो जड पडतो, आणि एकदा ताणला की परत जागेवर येत नाही. काही दिवसांत टोपी मुलाच्या डोळ्यांवर उतरते.

रंगासाठी वेळ द्या. दुकानात वाघासाठी केशरी मागितला की पहिल्यांदा हातात येतो तो संत्र्याच्या सालीचा झगझगीत केशरी. तो वाघाचा नाही. वाघाचा रंग गेरूत थोडी हळद कालवल्यासारखा असतो, जरा मातकट, उन्हात उजळणारा. ट्यूबलाइटखाली हे दोन्ही केशरी सारखेच वाटतात, म्हणून गुंडा दुकानाच्या पायरीवर आणून दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानदार ओळखीचा असेल तर हसेल, नसेल तर थांबेल. पाहू देतात सगळेच. पांढरा घेताना शुभ्र घेऊ नका, दुधी घ्या.

केशरी 100 ग्रॅम लागेल आणि थोडी उरेल. काळी आणि दुधी प्रत्येकी 25 ग्रॅम. नाकासाठी गुलाबी आणि डोळ्यांसाठी पिवळी घरातल्या उरलेल्या गुंड्यांतून निघते. दोन गुंडे घेत असाल तर लेबलवरचा शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही जुळवा. शेड एक आणि लॉट वेगळा असला तर रंगात उन्नीस-बीस निघतो आणि टोपीच्या मधोमध रेघ दिसते.

सुई 4 मिलिमीटरची. आपल्या घरांत क्रोशाच्या सुया असतातच, पण त्या बहुतेक रुमाल आणि तोरणांच्या बारीक स्टीलच्या असतात. त्यांनी ही लोकर विणायला गेलात तर पदर फाटत राहतात आणि टोपी पत्र्यासारखी कडक होते. शिवाय लागेल मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी, कात्री आणि पाच-सहा सेफ्टी पिना.

माप

मोजपट्टी भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो तिथून फिरवा. मूल एका जागी बसत नसेल तर झोपल्यावर घ्या. या वयात घेर साधारण 50 ते 52 सेंटिमीटर येतो. टोपीचा घेर त्याहून तीनेक सेंटिमीटर कमी ठेवायचा, कारण क्रोशा ताणला जातो. डोक्याएवढीच टोपी केलीत तर ती पहिल्याच दिवशी सैल होते.

आता हाताचं माप. वीस अर्ध्या खांबांच्या (हा टाका कसा घालायचा ते पुढे सांगितलं आहे) चौदा ओळींचा एक तुकडा विणा आणि त्याच्या मधल्या भागात 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. कडेचे मोजू नका. माझ्या हाताला 16 टाके आणि 12 ओळी येतात, पुढचे सगळे आकडे त्यावर आहेत. तुमचे 18 येत असतील तर हात घट्ट आहे, 4.5 ची सुई घ्या. 14 येत असतील तर 3.5 ची. शेजारची सूनबाई माझ्याकडे शिकायला येते, तिला हा तुकडा विणायचा फार कंटाळा. "काकू, थेट टोपीच सुरू करू ना जी." मी करू देत नाही. अर्ध्या तासाच्या कामात पुढची तीन संध्याकाळची उसवाउसव वाचते, आणि तुकडा उसवून तीच लोकर परत वापरता येते.

हिशेब असा: टोपीचा घेर 47.5 सेंटिमीटर हवा, एका सेंटिमीटरात 1.6 टाके, म्हणजे 76 टाके. आणि वरची चकती किती मोठी करायची? घेराला 3.14 नं भागा. 47.5 चे 15 सेंटिमीटर येतात. चकती आडवी 15 भरली की वाढवणं बंद. हे एकदा हातात बसलं की तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत कुणाचीही टोपी करता येते, छापील नमुना लागत नाही.

आधी टोपी

सगळी टोपी अर्ध्या खांबात आहे. सुईवर एक वेढा घ्या, टाक्यात सुई घाला, लोकर ओढून आणा, सुईवर तीन लूप होतात. पुन्हा लोकर घेऊन तिन्हीतून एकदम काढा. मुक्या खांबात सुरुवातीचा वेढा नसतो, दोनच लूप असतात. मुका खांब या टोपीला फार दाट पडतो आणि पूर्ण खांबाच्या मोठ्या भोकांतून वारा लागतो, म्हणून मधला.

केशरी लोकरीनं मॅजिक रिंग, म्हणजे ओढून बंद करता येणारं कडं, करा, तीत 8 अर्धे खांब घाला आणि रिंग ओढून बंद करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, झाले 16. तिसऱ्या फेरीत एक साधा, पुढच्यात दोन, असं करत 24. चौथ्या फेरीत दोन साधे, तिसऱ्यात दोन: 32. याच चालीनं प्रत्येक फेरीला 8 टाके वाढवत नवव्या फेरीला 72 पर्यंत जा. दहाव्या फेरीत फक्त चार ठिकाणी वाढवायचं: सतरा साधे, अठराव्यात दोन. झाले 76.

फेरी जोडायची नाही, गोल गोल चढत जायचं. जोड दिला की मागे शिवण दिसते. फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन लावा आणि दर फेरीला ती वर सरकवा. लोकर बदलताना किंवा कुणी हाक मारली म्हणून उठताना आधी पिन, मग बाकी सगळं.

एक बारीक गोष्ट आहे, तिनं टोपीची शोभा ठरते. वाढवलेले टाके दर फेरीत एकावर एक आले तर चकती गोल राहत नाही, आठ कोनांची होते, आणि डोक्यावर ते कोन वरून स्पष्ट दिसतात. म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा सरकवा. समजा सहाव्या फेरीत चार साधे आणि पाचव्यात दोन असा क्रम आहे, तर सुरुवातीला दोनच साधे घेऊन वाढवा, मग नेहमीचे चार-चार, आणि शेवटी उरलेले दोन साधे. टाके तेवढेच होतात, कोन मात्र पुसले जातात. अधूनमधून चकती टेबलावर ठेवून पाहत जा. कडेला झालरीसारख्या लाटा येत असतील तर कुठेतरी टाके जास्त पडलेत. चकती आठव्या फेरीच्या आतच खोलगट व्हायला लागली तर हात आवळला गेला आहे किंवा वाढ सुटली आहे. दोन्ही वेळी मोजा, अंदाजानं पुढे जाऊ नका.

अकराव्या फेरीपासून तेवीसाव्यापर्यंत 76 च टाके, न वाढवता. टोपी आता आपोआप खाली वळते. या तेरा फेऱ्या टीव्ही पाहत होतात. वरपासून कडेपर्यंत 19 सेंटिमीटर भरले की एकदा मुलाच्या डोक्यावर घालून पाहा. कड भुवयांच्या बोटभर वर यायला हवी. शेवटचे दोन टाके मुके घ्या आणि मग स्लिप स्टिच करा (टाक्यात सुई घालून लोकर सुईवरच्या लूपमधून थेट काढायची), म्हणजे फेरीची पायरी दिसत नाही. ही जागा टोपीचा मागचा मध्य.

कानपट्ट्यांसाठी या मध्यापासून मोजा: 7 टाके सोडून पिन, पुढे 16 वर पिन, पुढे 30 वर पिन, पुन्हा 16 वर पिन, उरले 7. सोळा-सोळाचे दोन भाग म्हणजे कानपट्ट्या, तिसाचा भाग कपाळ. प्रत्येक पट्टीला पहिली ओळ 16 अर्ध्या खांबांची, मग दर ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत 14, 12, 10, 8, 6, 4. सात ओळींत साधारण सहा सेंटिमीटर पट्टी उतरते आणि कानाची पाळी झाकली जाते. शेवटी पूर्ण कडेनं काळ्या मुक्या खांबांची एक फेरी फिरवा, सैल हातानं. ही फेरी आवळली तर कपाळावर वळ उठतो आणि मूल टोपी काढून फेकते.

मग वाघ

पट्ट्यांपासून सुरू करा. पुष्कळ जण एक फेरी केशरी, एक फेरी काळी असं विणतात. त्यानं आडव्या रिंगा होतात आणि दिसायला गांधीलमाशी दिसते. वाघाचे पट्टे पाठीवरून खाली उतरतात, मध्ये रुंद असतात आणि टोकाला निमुळते होतात. ते विणताना घालायला गेलं तर आतून काळे धागे लोंबतात आणि मुलाचे केस त्यात अडकतात. म्हणून सगळी टोपी केशरी झाल्यावर वरून पट्टे घालायचे. काळी लोकर टोपीच्या आत धरा, सुई बाहेरून आत घाला, लूप बाहेर ओढा. शेजारच्या घरातून पुन्हा लूप ओढा आणि सुईवरच्या लूपमधून काढा. बाहेर साखळीची रेघ उमटते. एक रेघ आठ-नऊ टाक्यांची करा आणि तिला चिकटून दुसरी रेघ फक्त मधल्या चार टाक्यांएवढी. झाला निमुळता पट्टा.

मागे तीन-चार पट्टे मध्याच्या दोन्ही बाजूंनी, कानांच्या बाजूंना दोन-दोन, आणि कपाळावर मधोमध तीन लहान. डावी-उजवी जुळवत बसू नका. कुठल्याही वाघाच्या दोन कुशी सारख्या नसतात आणि कुठल्याही दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. वनखातं कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून वाघ मोजतं ते याच आधारावर. ताडोबाचे गाईड पट्टे पाहून वाघाचं नाव सांगतात. तेव्हा तुमच्या टोपीचे पट्टे तुमचेच असू द्या. दोन गोष्टी पाळा: रेघ सैल ठेवा, नाहीतर टोपी तिथे ताणली जात नाही, आणि खालच्या दोन फेऱ्या मोकळ्या सोडा.

तोंडाचा पांढरा भाग दुधी लोकरीनं मुक्या खांबात. 7 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून 5 टाके, शेवटच्या साखळीत 3, मग वळून दुसऱ्या अंगानं 4, आणि शेवटच्यात 2. झाले 14. पुढची फेरी: पहिल्यात 2, चार साधे, पुढच्या तिन्हीत दोन-दोन, चार साधे, शेवटच्या दोन्हीत दोन-दोन, झाले 20. तिसऱ्या फेरीत दोन्ही टोकांना तीन-तीन वाढवून 26. हा लांबट गोल कपाळाच्या मधोमध, कडेच्या एक फेरी वर शिवा. त्याच्या वरच्या काठावर गुलाबी लोकरीनं तिकोनी नाक भरा. काळं नाक नको, ते अस्वलाचं. नाकाखाली एक उभा काळा टाका, आणि दोन्ही गालांवर तीन-तीन ठिपके. मिशांचे लांब धागे मी सोडत नाही, मुलं ते तोंडात घालतात.

डोळ्यांसाठी काळ्या लोकरीचे चार पदर सोडवून दोनच घ्या, म्हणजे डोळा बारीक आणि नेटका येतो. मॅजिक रिंगमध्ये 6 मुके खांब काळे, त्याभोवती पिवळे 12. बाहुली गोलच ठेवा. उभी चीर मांजराच्या डोळ्यात असते, वाघाची बाहुली गोल असते. पिवळ्याच्या बाहेरून एक काळी रेघ, आणि डोळ्याच्या वर दुधी लोकरीचा चंद्रकोरीएवढा ठिगळ: 6 साखळ्या, त्यावर 5 मुके खांब. हा पांढरा भाग सोडलात तर वाघ झोपलेला वाटतो. बटणं किंवा प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलाच्या टोपीला अजिबात लावू नका, ते निघतात आणि तोंडात जातात.

शिवण्याआधी सगळं पिनांनी लावा आणि हातभर लांबून पाहा. डोळे नाकाच्या रेषेजवळ, खाली आणि एकमेकांपासून दूर, म्हणजे मध्ये दहा टाके सोडून लावले तर बछडा दिसतो. दोन-तीन फेऱ्या वर आणि जवळ सरकवले की तोच वाघ रागीट होतो. मुलालाच विचारा कोणता हवा. माझ्या अनुभवात मुली रागीट मागतात.

आता कान, आणि इथे मन लावून बसा. प्रत्येक कानाला दोन चकत्या, मुक्या खांबात: 6, 12, 18, 24. पुढच्या चकतीच्या पहिल्या दोन फेऱ्या दुधी, उरलेल्या दोन केशरी. मागच्या चकतीच्या पहिल्या दोन फेऱ्या दुधी, उरलेल्या दोन काळ्या. हाच तो ठिपका. रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा टाका पूर्ण करू नका. सुईवर दोन लूप असताना नवा रंग घ्या आणि त्यानं टाका संपवा. तसं केलं की ठिपक्याची कड स्वच्छ येते, नाहीतर काळ्यात पांढरा ओघळ दिसतो. दोन्ही चकत्या पाठीला पाठ लावून धरा आणि काळ्या लोकरीनं 18 टाक्यांपर्यंत मुक्या खांबानं जोडा. उरलेले 6 टाके उघडे ठेवा, तो कानाचा बुंधा. आत कापूस भरू नका. भरलेला कान जड होतो आणि दप्तरात दाबला गेला की वाकडाच राहतो.

कान कुठे लावायचा? कानपट्टीच्या मध्यावरून सरळ वर जा. बुंधा सहाव्या फेरीपासून दहाव्या फेरीपर्यंत उतरत्या अंगाला बसवा, आणि मधला भाग किंचित मागे ढकला, म्हणजे कानाला पुढे खोलगटपणा येतो आणि मागे ठिपका फुगून वर येतो. बुंध्याच्या पुढूनही शिवा आणि मागूनही शिवा. एकाच बाजूनं शिवलेला कान पहिल्या धुण्यात मान टाकतो. वाघाचे कान गोल आणि डोक्याच्या मानानं लहान असतात. टोकदार केले की मांजर, फार मोठे केले की उंदीर.

माझ्या नातवानं टोपी घालून आरशाकडे पाठ केली, हातात छोटा आरसा धरून मागचं पाहिलं आणि म्हणाला, "आजी, हा तं मागून पण पाहते!" व्हॅनमध्ये मागच्या सीटवरच्या पोराला रोज सकाळी हे दोन ठिपके दिसतात, आणि हिवाळा संपायच्या आत त्याची आई माझ्याकडे लोकर घेऊन आली.

बंद, अस्तर, धुणं

पाचच्या पुढच्या मुलाला कानपट्टीच्या टोकाला तीन पदरांची वेणी लावा, वीसेक सेंटिमीटरची, टोकाला गाठ. लहान बाळाच्या टोपीला बंद नकोत, गळ्याभोवती गुंततात. त्याऐवजी पट्टी दोन ओळी लांब करा. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे ॲक्रिलिकची टोपी काढताना केस उभे राहतात आणि चटचट आवाज येतो. ज्या मुलाला ते आवडत नाही त्याच्या टोपीला आतून जुन्या मऊ सुती साडीची पट्टी लावा, फक्त कपाळ आणि कानांपाशी; सगळ्या टोपीला अस्तर लावलं तर ताण जातो.

स्कूटरवर न्यायचं असेल तर ही टोपी हेल्मेटच्या जागी नाही, आणि हेल्मेटच्या आतही नाही; कान आणि शिवणी आत टोचतात. हेल्मेट घालताना टोपी दप्तरात. शाळा गणवेशाच्या रंगाचीच टोपी मागत असेल तर नेव्ही ब्लू लोकरीत साधी टोपी करा, चेहरा काढू नका, फक्त दोन काळे कान लावा, ठिपक्यांसकट. समोरून शिस्तीत, मागून वाघ. अशा टोपीवर अजून तरी कुणाला घरी चिठ्ठी आलेली मी ऐकली नाही.

तेल लावून वेणीफणी करणाऱ्या घरात टोपीला आठवड्यात वास येतो. थंड पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. तारेवर लटकवली तर ओल्या वजनानं लांबते. इस्त्री कधीच फिरवू नका, ॲक्रिलिक वितळून चपटं आणि चकचकीत होतं, मग ते परत मऊ होत नाही.

वाघ नको म्हणणाऱ्यांसाठी

याच टोपीवर अस्वल सोपं होतं. सगळी टोपी काळी, तोंडाचा भाग मातकट दुधी आणि वाघापेक्षा एक फेरी लांब, कारण आपल्याकडच्या अस्वलाचं तोंड पुढे आलेलं असतं. त्याचे कान मोठे आणि झिपरे असतात. ते झिपरेपण आणायला कानाच्या शेवटच्या फेरीत प्रत्येक मुक्या खांबानंतर 6 साखळ्यांचं एक लूप सोडत जा. बिबट्याला भरीव ठिपके देऊ नका, ते चित्त्याचे. बिबट्याचे तुटक कड्यांसारखे असतात, मध्ये जरा गडद केशरी. हे काम किचकट आहे आणि पहिल्या टोपीला घेऊ नये. चितळाची टोपी छोट्यांना फार शोभते: तांबूस लोकर, पाठीच्या बाजूला ओळीत पांढरे ठिपके, कान लांबट पानाच्या आकाराचे. शिंगं फक्त नराला असतात, आणि लोकरीची शिंगं ताठ उभी राहत नाहीत, तेव्हा मादीच करा.

संक्रांत झाली, पतंग उडून झाले की थंडी ओसरायला लागते. टोपी धुऊन, पुरती वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पानांसोबत कापडी पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत उरलेली केशरी लोकर आणि तिचं लेबल टाका. वयाच्या पाचव्या वर्षानंतर डोक्याचा घेर फार हळू वाढतो, त्यामुळे घेराचा प्रश्न दोन-तीन हिवाळे येत नाही. आखूड पडते ती कानपट्टी. तेव्हा काळी कड तेवढ्यापुरती उसवायची, त्याच केशरीनं दोन ओळी वाढवायच्या आणि कड परत फिरवायची.